उलटी फिरणारी मोटार

मोटार उलटी फिरली तर काय करायचं, हे दादानं कोणाला काऊन सांगून ठेवलं नाही? दादा वारून महिना झाला होता, बोअरची मोटार जळली होती आणि त्यानं लावलेलं धान वाळत होतं. मला खाणीच्या कामावर घुग्घुसला निघायचं होतं. नवी परवडेना म्हणून वरोऱ्याहून जुनी सबमर्सिबल मोटार आणली. चौघांनी पाइपाला लटकून ती उतरवली, तर पाणी करंगळीएवढं. मी तडकलो. मोटार उपसली, एसटीच्या टपावर टाकली आणि वरोऱ्याच्या त्याच दुकानात नेऊन आदळली.

दुकानदार चाचांनी ती हौदात चालवली. फवारा छताला लागला.

"उलटी फिरत असंल, बेटा. स्टार्टरच्या दोन वायरी अदलाबदल कर. तुझा भाऊ तेच करत होता. तुले नाई सांगितलं?"

घरी मोटार परत उतरवली, वायरी बदलल्या, पाणी धो धो आलं. वहिनी रडायला लागली.

मी म्हटलं, "मंग रडजो. आधी मेन स्विच पाड, स्क्रू ढिले करायला पेचकस घे. आता तू बदलून दाखव."

तिनं दोनदा बदलून दाखवलं, तेव्हा कुठं मी घुग्घुसची गाडी पकडली.