कपाटाचे चार स्क्रू

हॅलो? … कोण, शहजादी भाभी? … सलाम, सलाम! मी अवधूत, लातूरवाला. हाव, खाजामियाँच्या बाजूच्या घरातला… त्याच्याच शाळेत गणित शिकवतो, तोच. … मजेत ना! वसंताची सुट्टी लागली. सगळं जपान गुलाबी झाडांखाली चटया टाकून जेवून राहिलंय.

…खाजा? हाय ना, हाय. त्यानं पैजेचं सांगितलं का तुम्हाला? … न्हाई? अहो, काल जिन्यात लागली. मी म्हणलं, लातूरवाल्यानं किल्लारीचा भूकंप पचवलाय, जमीन हल्ली तर आधी तू नांदेडवाला पळशील. तो म्हणे, लातूर पळंल. तिकडं दोन्ही गावांच्या क्लासच्या निकालावरनं भांडायचो ना, तसंच! जो आधी बिल्डिंगीबाहेर पळंल, त्यानं बागेत, सगळ्यांसमोर, गळ्यात साखरेची गाठी घालून एकवीस उठाबशा काढायच्या. गाठी पाडव्यासाठी बायकोनं पार्सलनं धाडलीय, म्हणून तीच…

काय? … तुमच्या पोरीच्या, अर्शियाच्या मोबाइलवर भूकंपाची बातमी? … अहो, ते सारखंच येतंय. इथं जमीन रोजच…

…आत्ता? हाव. थोडं हल्लं. वीसेक मिनिटं झाली असतील.

…न्हाई, आवाज कुठं कापून राहिलाय! वारं लई हाय बागेत.

खाजा ना… दही आणायला गेलाय. … फोन घरीच विसरला असंल. … कसम कशाला, भाभी? … अहो, ऐका ना… रडू नका. भाभी… बरं. बरं. खरं सांगतो.

तो वरच हाय. पाचव्या मजल्यावर. … फोन उचलंना. लिफ्ट बंद पडलीय. जिन्यानं परत वर निघालो तर बिल्डिंगीच्या राखणदारानं अडवलं, तपासल्याबिगर वर सोडंना.

…बोलवलं ना! जरासं हलाय लागलं तवाच दार बडवलं. "खाजा, हल्लं, पळ!" म्हणून बोंबललो. आतनं हसला. "आज कितवी बार?" म्हणे. … कारण… मी रोजच बोंबलतो, भाभी. मस्करी. तो चहा पिताना, दाढी करताना. एकदा अर्ध्या दाढीवर जिन्यापर्यंत आला व्हता. महिनाभर शाळेत सांगत फिरलो.

…बिल्डिंग? उभी हाय. एक काच फुटली न्हाई. इथली घरं हलतेत, पडत न्हाईत.

मग मी का पळालो? … काय सांगू. वर्गात पोरांना मीच शिकवतो, हल्लं की टेबलाखाली बसा. पण पाय ऐकतच न्हाईत. किल्लारीच्या टायमाला मामाच्या गावात ह्या हातानं दगड उचललेत, भाभी. खाली कोण हाय ते ठाऊक नसताना. तवापासून डोक्यावरचं छत हल्लं की मी उघड्यावर. अनवाणी आलोय. हातात काय घेतलं तर ती गाठी!

…तेच तर. बिल्डिंग उभी हाय, मग एवढं भ्या कशाचं…

भाभी, अजून एक हाय. त्याचं पुस्तकांचं कपाट. भिंतीला चार स्क्रूनं आवळलेलं असतंय. काल तो बाजारात गेला तवा मी ते काढले. … हाव, मीच. त्याच्या घराची एक चावी माझ्याकडं असते. कपाटाला दोरी बांधली. माझ्या बाल्कनीतनं ओढली की खडखडावं आणि खाजानं पळावं. पैज जिंकायला!

…द्या. अजून द्या शिव्या. पण फोन ठिवू नका, भाभी. बोलत ऱ्हावा.

थांबा! जिन्यात माणसं… हेल्मेटवाले… मधी कोण… भाभी, खाजा! खाजा हाय! चालत येऊन राहिला! … हाव, हाव, स्वतःच्या पायानं! लुंगी-बनियनवर, कपाळाला टेंगूळ… ए खाजा! इकडं! … काय? … भाभी, तो टेबलाखाली बसला व्हता. कपाट पडून दारात आडवं झालं, निघताच येईना. ह्या लोकांनी काढला.

…खाजा, आधी बायकोशी बोल. … भाभी, म्हणतो, आधी लातूरच्या उठाबशा ऐकवतो तिला. … अरे आत्ता? माणसं बघून राहिली! … बरं. फोन तूच धर, स्पीकरवर टाक. ही घातली गाठी. एक… दोन… ह्या चटईवरच्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवून राहिल्या, भाभी… चार… मोठ्यानं म्हणू? लातूर हारलं! … सहा… सात…

…काय, भाभी? … न्हाई. अजून न्हाई सांगितलं.

…सांगतो. खाजा, हसणं थांबव. कपाट आपोआप न्हाई पडलं. माझ्या खिशात हात घाल. … हाव. तुझ्याच कपाटाचे. चारी.

खाजा? … भाभी, स्क्रू हातावर घेऊन एकेक मोजून राहिला तो.

…काय म्हणलास? … उठाबशा पहिल्यापासून? … हाव. बरोबर हाय. एकवीस न्हाई, तू थांब म्हणशील तवर.

भाभी, फोन ठिवावा लागतोय. … न्हाई, रागानं न्हाई. माझे कान तोच धरणार म्हणतो, दोन्ही हात लागतेत त्याला. … धर, खाजा. अजून घट्ट. एक…