पंखा पाचवर

"जप करताना कान मिटता येत नाहीत, पण मन मिटून घ्यावं," आई सांगायची. कर्करोगाच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं, आणि हातात जपमाळ असूनही माझं मन काही मिटेना.

"आज डॉक्टरांना सांगणार, ही गोळी बंद करा."

"अगं, गाठ परत यायला हवीय का तुला?"

"मग रात्री अंगाची लाही होते तिचं काय करू? पंखा लावला की तुम्ही लगेच शिंकायला लागता."

"एवढीशी गोळी, करते तरी काय पोटात जाऊन?"

"आपल्या अंगात हार्मोन बनवणारं एक एन्झाइम असतं. त्या हार्मोनवरच गाठ पोसते. ही गोळी त्या एन्झाइमच्या आत ठाण मांडून बसते, उठायचं नावच घेत नाही."

"तुझ्या भावासारखी!"

"त्याला मध्ये आणू नका."

"कौतुकच करतोय गं. बसू दे तिला. तू खुशाल पंखा पाचवर ठेव, मी हूं की चूं करणार नाही."

"शपथ?"

"तुझ्या भावाची."

"माझी घ्या."

"...बरं. तुझी."

बाई पदराने वारा घेऊ लागल्या. आजोबांनी मफलर कानांवरून घट्ट गुंडाळला आणि ते हळूच उठून पंख्याच्या बटणाकडे निघाले.