तेवढंच वजन कमी!

नाही, पण मला एक सांगा, चालत्या गाडीची मागची सीट कोणी उपटून काढतं का हो? चालती म्हणजे धावत असताना नव्हे, तेवढी बुद्धी अजून शिल्लक आहे आमच्या घरात! पण धडधाकट, रोजच्या वापरातली, बाळाला डॉक्टरकडे न्यायची आमची एकुलती एक गाडी! मी बाळाला झोपवून बाहेर येते, तर माझा नवरा आणि धाकटा दीर सीट दोन्ही बाजूंनी धरून, आजारी माणसाला आणावं तशी, हॉलमध्ये घेऊन येतायत. म्हटलं, "हे काय?" तर नवरा घामाघूम होऊन हसतो काय, म्हणतो काय, "मोटारींच्या रॅलीला उतरायचंय ना गं... तेवढंच वजन कमी!"

तुम्हाला सांगते, ह्या माणसाने जन्मात साधी सायकलची शर्यत जिंकलेली नाही. ऑफिसात विम्याचे कागद तपासतो. दीर फ्रीज दुरुस्त करतो, म्हणून तो टीमचा मेकॅनिक. गाडी थंड राहील, एवढी खात्री आहे! आणि तिसरा ह्यांचा मित्र, चांगला भरभक्कम. त्याला सगळे 'नकाशा' म्हणतात, कारण एकदा तो चुलतभावाच्या लग्नाला म्हणून निघाला आणि भलत्याच लग्नात जेवून आला. हा शेजारी बसून रस्ता सांगणार! डोंगरातला! एकीकडे कडा, एकीकडे दरी, आणि मधे हा कागद उलटा धरून... मला झोप लागेल?

बरं, सीटवर थांबले का? रेडिओ गेला. पायाखालचे गालिचे गेले. दारांची आतली अस्तरं गेली. मधला आरसा काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, "अरे, मागचं दिसायला नको?" तर दीर म्हणतो, "वहिनी, आपण मागे बघायचंच नाही!" आरसा मी हातातून हिसकावून परत लावायला लावला. आणि एवढं सगळं हलकं करून शेवटी केलं काय? गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून आत लोखंडी पिंजरा बसवला! "अरे, ह्याचं वजन?" "ते नियमात आहे गं." म्हणजे बाळाची सीट जड आणि लोखंड हलकं! असेल बाई. मी शिकलेली आहे, पण आई झाल्यापासून मला कशाचीच खात्री वाटत नाही.

सासूबाईंचं मात्र बरं झालं. मागची सीट टीव्हीसमोर मांडून त्यावर वाटाणे सोलत बसतात. वर पट्टासुद्धा लावतात! "सवय असावी," म्हणतात.

आता माझं सांगते. मी पडले काळजी करणारी. बाळ जरा जास्त झोपलं तरी मी हलवून बघते, ठीक आहे ना... आणि मग ते उठून असं भोकाड पसरतं, की ठीक असल्याचं अख्ख्या इमारतीला कळतं! तर झालं असं, ह्यांनी गाडीतून एक वस्तू काढावी आणि मी, ह्यांची पाठ वळली की, बाळ कडेवर घेऊन ती परत आत ठेवावी. औषधांची पेटी. दोरी. गाडी बंद पडली की मागे ठेवायचा तो लाल त्रिकोण. आग विझवायचं नळकांडं. वर माझ्याकडून एक टॉर्च. दुसरा टॉर्च, पहिला लागला नाही तर. ब्लँकेट. सीटखाली, स्टेपनीच्या खाचेत... बाळाची पिशवी रोज भरणाऱ्या बाईला जागा करायला शिकवू नये!

मग एक दिवस टीम गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन आली. चेहरे असे, की घरातलं कोणी गेलंय. "जडच आहे," नवरा म्हणाला. "काढलं ते वजन गेलं कुठे?" दीर म्हणतो, "रंग! रंगाला वजन असतं दादा, खरवडू या. तेवढंच वजन कमी!" मी आपली बाळाचं स्वच्छ असलेलं नाक पुसत राहिले.

शर्यतीच्या दिवशी आधी तपासणी. नापास झालात की घरी. खरं सांगते, मी मनातल्या मनात म्हणत होते, होऊ दे नापास! तपासनीस एक गंभीर माणूस, चष्मा कपाळावर, आवाज सर्दी झाल्यासारखा. "आग विझवायचं नळकांडं?" नवऱ्याने दिराकडे बघितलं, दिराने नकाशाकडे, नकाशाने आभाळाकडे. "औषधांची पेटी? त्रिकोण? ओढायची दोरी?" नवरा म्हणाला, "काढलं... वजन..." "मग न्या गाडी घरी!"

झालं की हो! मला हवं तेच झालं! आता गप्प बसायचं ना? पण नवऱ्याचा चेहरा... बाळाच्या हातातून खेळणं काढून घेतलं की रडायच्या आधी ओठ वाकडा होतो ना, अगदी तस्सा! आणि माझं तोंड काही माझं ऐकत नाही. "सीटखाली बघा," म्हणाले. "आणि स्टेपनीच्या खाली." एकेक वस्तू बाहेर आली. दोन्ही टॉर्चसकट. नवरा माझ्याकडे बघतोय, काटा आठवतोय...

तपासनीस म्हणाला, "ताई, शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या तुम्हीच का?" मी "नाही हो" म्हणेपर्यंत नकाशाने स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर! "वहिनी, तुम्हीच बसा. मला चालत्या गाडीत वाचलं की मळमळतं. लाजेने बोललो नव्हतो."

"दोघंही एकाच गाडीत?" मी ओरडले. "काही झालं तर बाळाचं काय?" नवरा हळूच म्हणाला, "तू शेजारी असलीस की मी वळणावर हळू घेतो. नुसता नकाशा असला की नाही घेत." दीर नकाशाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि त्याचा चेहरा उजळतो. "दादा! तेवढंच वजन कमी!"

बाळ दिराच्या कडेवर दिलं आणि बसले. काय करणार? लांब उभं राहून करायची काळजी जवळ बसून केली. पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत मी "हळू!" सोडून दुसरा शब्द उच्चारला नाही. नंबर विचारू नका. आलो, हातीपायी धड आलो, ते दिसतंच आहे तुम्हाला.

सीट? हॉलमध्येच आहे. परत बसवायला काढली, तर सासूबाई पट्टा सोडेनात. "वाटाण्याला बरी पडते," म्हणतात. बाळाला डॉक्टरकडे आता मी कडेवर घेऊन पायी नेते. नवरा म्हणतो, "बरं आहे गं, तुझंही... तेवढंच वजन कमी!"