अकरा म्हणजे अकरा

...नाही, मी म्हणतो माणसाने घाबरावं, घाबरायला माझी काही ना नाही, घाबरण्यात मी स्वतः कुणाला ऐकत नाही... पण घाबरायचं तर घरात बसून गपचूप घाबरा ना! त्यासाठी हॉस्पिटलला फोन कशाला करायला हवा? तुम्हाला सांगतो, त्या सोमवारी बातमी काय आली, विषाणूचा नवा व्हेरियंट, अकरा जण हॉस्पिटलात दाखल... बस्स! साडेआठला बातमी, पावणेनऊला आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याकडची वाफ घ्यायची यंत्रं खलास, नऊला त्या अकराचे एकशे दहा झाले, आणि साडेनऊला माझ्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं, ते फ्रेम चिमट्याने धरून, चेहऱ्यापासून हातभर लांब ठेवून मला विचारतंय, 'शोभते का?' अहो, नाकावर ठेवल्याशिवाय मी कसं सांगू? तर म्हणे, 'अंदाजे सांगा!'

आणि एवढं झाल्यावर हे सगळं शहर करतं काय? फोन करतं. कुणाला? आमच्या वहिनींना!

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. हॉस्पिटलात तळमजल्यावर, दाराला लागून एक काचेची खोली आहे, जेमतेम एक खुर्ची आणि दोन फोन मावतील एवढी. त्यात ही बाई बावीस वर्षं बसतेय. फोन वाजला की दुसरी घंटा व्हायच्या आत, 'नमस्कार, चौकशी. बोला.' आणि आवाज असा, की समोरच्याला वाटावं, आपण चुकून आपल्या मावशीलाच फोन लावला की काय!

आता पुढचं ऐका... त्या अकरांतला एक आमचा दादा होता.

हो, सख्खा! लांब पल्ल्याची बस चालवतो. आठ दिवस बाहेरगावी होता, परतीला अंग तापलं, धाप लागायला लागली, तर गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देऊन हा शहाणा माणूस घरी न येता परस्पर हॉस्पिटलात गेला. रविवारी दुपारी चौथ्या मजल्यावर दाखल. नाकाला ऑक्सिजन. भेटायला कुणाला सोडत नाहीत.

मला वाटलं, वहिनी रजा टाकतील. कुणीही टाकेल हो! मी दुकानाला कुलूप लावून धावत गेलो, तर ह्या आपल्या काचेआड, मास्क लावून, केस चापूनचोपून विंचरलेले, पुढे वही. मी म्हटलं, 'वहिनी! अहो, तुम्ही इथे?' तर म्हणतात, 'भावोजी, बसा तिथे. मधली एक खुर्ची सोडून.' आणि लगेच, 'नमस्कार, चौकशी. बोला.'

बसलो. काय करणार? त्या काचेला बोलायला खाली भोक आहे, आणि घाबरलेला माणूस फोनवर बोलतो कुठे, तो ओरडतो! त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं.

पहिलाच एक, कुजबुजायचं म्हणून ओरडत, 'ताई, मला खरं सांगा, अकरा म्हणजे किती?'

'अकरा.'

'नाही, ते बातमीतले. खरे?'

'अकरा म्हणजे अकरा, साहेब. दहाच्या नंतर येतात आणि बाराच्या आधी थांबतात.'

ठेवला. परत घंटा. 'नमस्कार, चौकशी. बोला.' एक बाई, अगदी गोड पण मोठ्या आवाजात, 'एक बेड हवा होता हो.' वहिनींनी पेन उचललं, 'पेशंटला काय होतंय?' 'छे छे, अजून काहीच नाही! पुढच्या आठवड्यासाठी विचारतेय. दोघांना शेजारी शेजारी मिळतील का? ह्यांना खिडकी लागते.' मी तिथे खुर्चीत हसून फुटलो असतो! वहिनी काय म्हणाल्या? 'खिडकीचं घरीच बघा, बाई. ती उघडी ठेवा, म्हणजे इथे यायची वेळच येणार नाही.'

मग एक सर्वज्ञ. 'मी आधीच म्हटलं होतं!' 'कुणाला म्हटलं होतंत?' 'बायकोला!' 'मग त्यांच्याकडे नोंद असेल. ठेवते हं.'

आणि मधेच एक म्हातारे गृहस्थ. ते ओरडत नव्हते, मला काहीच ऐकू आलं नाही. वहिनीच बोलत होत्या, हळू. 'हो आजोबा, आहेत त्या तिथेच... हो, चौथ्याच मजल्यावर... नाही, त्रास कसला? तासाभराने परत करा. मीच असेन.'

मला राहवेना. उठून त्या भोकाशी तोंड नेलं. म्हटलं, 'वहिनी, तुमच्यासमोर आतला फोन आहे. एक बटण दाबलं की चौथा मजला. विचारा ना दादा कसा आहे!'

नातेवाइकांना माहिती चार वाजता, खिडकीवर, असा नियम होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, 'भावोजी, बाकीच्या दहा घरांकडे आहे का ते बटण?'

मी मधली खुर्ची सोडून परत बसलो.

साधारण अडीचला एक फोन आला. आधी घसा खाकरण्याचा आवाज, लांबलचक, आणि मी ताडकन सरळ झालो. हा घसा माझ्या ओळखीचा! आमच्या इमारतीचे सेक्रेटरी! वहिनी हॉस्पिटलात 'काहीतरी करतात' एवढंच त्यांना ठाऊक.

'आमच्या इमारतीतला एक बसवाला तुमच्याकडे आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.'

'पेशंटची नावं सांगता येत नाहीत, साहेब.'

'मग नका सांगू! मी नाव घेतो, असेल तर तुम्ही नुसतं खोका!'

'इथे खोकलं की वर नेऊन झोपवतात, साहेब.'

तरी गडी थांबेना! 'अहो, त्याची बायको तुमच्याकडेच कुठे तरी कामाला आहे. जरा तोऱ्यातच असते. तिला इमारतीत घ्यायचं की नाही, त्यावर आज मीटिंग ठेवलीय. आणि लिफ्ट बंद करतोय.'

तुम्हाला सांगतो, वहिनींनी हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्या मुठी वळल्या होत्या! आता सोलणार त्याला, मी म्हटलं, सोला वहिनी, सोडू नका...

'मीटिंग जरूर घ्या,' वहिनी म्हणाल्या. 'पण लिफ्ट चालू ठेवा. पाचव्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे धरलेत, त्या उतरणार कशा?'

'हां... ते आहे,' म्हणत त्यांनी ठेवला. दोन मिनिटांत परत घंटा! 'नमस्कार, चौकशी. बोला.' 'अहो, पण आजींचे गुडघे तुम्हाला कसे माहीत?'

'चौकशीला सगळं माहीत असतं, साहेब.'

लिफ्ट चालू राहिली. मीटिंगला कुणी गेलंच नाही.

चार वाजले. वहिनींनी दोन्ही फोन बदलीच्या माणसाकडे दिले, बाहेर आल्या आणि खिडकीच्या रांगेत उभ्या राहिल्या. सातवा नंबर. पुढे जा म्हणणारे होते, गेल्या नाहीत. आणि तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात तपकिरी चप्पल, दुसऱ्यात काळी. सकाळपासून काचेआड टेबलाखाली होत्या, कुणाला दिसणार? वर केस, वही, आवाज, सगळं जागच्या जागी, आणि खाली हे...

डॉक्टर म्हणाले, 'ऑक्सिजन कमी करता आला. आता बराच आराम पडलाय.' वहिनी म्हणाल्या, 'बरं.' एवढंच. दोन पावलं बाजूला झाल्या, भिंतीला हात टेकला, आणि मास्कच्या आत जे काय करायचं ते करून घेतलं. मी छताकडे बघत राहिलो. मग चष्मा पुसला. माझाच.

पाच मिनिटांनी परत काचेआड. 'नमस्कार, चौकशी. बोला.'

दहाव्या दिवशी दादा घरी आला. फाटकाशी सगळी इमारत, टाळ्या! सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, 'आम्ही पहिल्यापासून तुमच्या पाठीशी!' वहिनी हसल्या फक्त. मी मनात हात जोडले. सेक्रेटरींना नाही हो, वहिनींना!

आणि आमचा दादा! खुर्चीत टेकला, पाणी प्यायला, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? 'वॉर्डातल्या फोनवरून रोज दुपारी तुझ्या चौकशीच्या नंबराला लावत होतो. कधी म्हणून लागला नाही. सारखा एंगेज! दिवसभर बोलतेस तरी कुणाशी एवढी?'

मी तोंड उघडलं होतं हो, वहिनींच्या बाजूने चांगलं खणखणीत बोलणार होतो... तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

मिटलं तोंड. काय करणार? त्या रोजच्या एंगेजमधले पाच-सहा फोन माझेच होते!