लेओकादियोनं बांधलेला पट्टा

(ब्राझीलच्या डोंगरातलं एक घर. विझलेल्या चुलीवर, दोन फळ्यांत पट्ट्यानं आवळलेली कागदांची चळत टांगलेली.)

प्रोफेसर अन्सेल्मो : ...तेच मी म्हणतो, दोना झुल्मीरा. गेलेल्या माणसाची शेवटची खूण जपणं हा धर्म आहे, आणि त्याचं अपुरं काम तडीस नेणं हाही धर्मच. आज दोन्ही पाळता येत नाहीत, हे आपलं दुर्दैव.

झुल्मीरा : शेजारणीनं आणलेली कॉफी निवतेय. आणि त्या पट्ट्याला हात लावायचा नाही. गाठ माझ्या नवऱ्याची आहे.

अन्सेल्मो : गाठीच्या आत लेओनं शोधलेलं रोप आहे. अननसाच्याच कुळातलं, पण असं फूल आजवर कुणी नोंदवलेलं नाही. वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहात जमा झाल्याशिवाय नवी जात म्हणून त्याला मान्यता नाही.

झुल्मीरा : मग दुसरं आणा. कड्यावर फूल मिळालं, तर फळांसाठी पुन्हा चढला आणि पडला. तिथं काय कमी आहेत?

अन्सेल्मो : तो कडा आता नाही. दगडखाणवाल्यांनी सुरुंग लावले.

झुल्मीरा : तिथं मेणबत्ती लावायला जाणार होते मी. मला कुणी सांगितलं नाही.

अन्सेल्मो : कुणाचा धीर झाला नाही. आमच्या माहितीत आता हे एकच उरलंय. आतले कागद रोज बदलावे लागतात. याच्या पानांत फार पाणी असतं. म्हणून तर लेओनं ते चुलीवर टांगलं.

झुल्मीरा : चूल मी पेटवलीच नाही. तो गेल्यापासून शेजारणी जेवण आणतात. एकटीसाठी कशाला धूर?

अन्सेल्मो : म्हणजे त्या दिवसापासून...

झुल्मीरा : वास येत होता. मला वाटलं, घरालाच येतोय. सरका. तुम्ही नको, मी सोडते. त्याच्या बुटांच्या नाड्याही मीच सोडायची. गाठ मारायची तेवढी त्याला अक्कल.

अन्सेल्मो : सावकाश.

झुल्मीरा : पानं काळी पडलीत. चिखल झालाय नुसता. मीच कुजवलं हो त्याला.

अन्सेल्मो : तो कागद उचला. फुलांचा दांडा शाबूत आहे, बघा. वर्णनाला एवढा आधार पुरेल. नाव लेओचंच देऊ.

झुल्मीरा : माणूस नाही, रोप नाही. नाव घेऊन हाक कुणाला मारायची?

अन्सेल्मो : पण तो होता, आणि हेही होतं, एवढं लिहून ठेवू द्या मला.

झुल्मीरा : न्या त्याला. पट्टा तेवढा ठेवा. आणि उतार निसरडा आहे, प्रोफेसर, घाई करू नका. देव तुम्हा दोघांना सुखरूप पोचवो.