सुनीताच्या मायची हजेरी

तुम्ही हसान, पण व्हिडिओवर शिकवणं कसं वाटते म्हणून विद्यापीठानं आमची मतं मागवली, तेव्हा मी दोनच ओळी लिहून पाठवल्या. काऊन, ते ऐका.

अहेरीकडच्या पोरापोरींले मी राज्यशास्त्र शिकवतो. त्या हप्त्यात ग्रामसभेवरचा धडा चालू होता. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन. पण सुनीता नावाची पोरगी रोज वेळेवर हजर, म्हणून मी खूश. चौथ्या दिवशी मले जोर चढला. म्हटलं, "आज सगळ्यायनं कॅमेरे चालू करा!"

सुनीताच्या चौकोनात मोहाच्या झाडाखाली बसलेली एक बाई दिसली.

"सुनीता कुठी आहे?"

"मोहा वेचून राह्यली, सर. मी तिची माय."

"मग तुम्ही काऊन बसल्या?"

"ग्रामसभेत घरचं एक माणूस बसलं का झालं. तुमच्या इथी नाई चालत का?"

मी म्हटलं, "चालते, बाई. मग, समजलं का काही?"

"चार दिवसांपासून ऐकून राह्यली. एक इचारू का?"

मले लई बरं वाटलं. आतापर्यंत एकाही पोरानं प्रश्न विचारला नव्हता. "विचारा न, बाई!"

"तुम्ही कधी ग्रामसभेत बसले नाई ना, सर?"

सगळे माईक एकदम चालू झाले. अख्खा वर्ग हसून राह्यला, अन् माझा कॅमेरा चालूच, उतरलेलं तोंड सगळ्यायच्या समोर.

विद्यापीठाले मी लिहिलं, 'पद्धत उत्तम आहे. फक्त कॅमेरा सक्तीचा नसावा, विशेषतः प्राध्यापकांना.'