मिलिंदचं पक्कं कुलूप

...आणि वर साहेब म्हणतात, कुलूप तूच केलंस ना! आता तुम्हीच सांगा, ज्यानं कुलूप केलं त्यालाच बाहेर ठेवायचं, ही कुठली रीत? तुम्हाला सांगतो, ही आमच्या तारनाक्याच्या मिलिंदची गोष्ट! नव्व्याण्णव साल, जो उठतो तो कॉम्प्युटर शिकतोय, अमेरिकेला पळतोय... मिलिंद जावा शिकला, कॉम्प्युटरची भाषा हो ती. आई मालनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माझ्या जावांनी छळलं ते पुरे झालं नाही, म्हणून तू आणखी जावा आणतोस?"

बरं, कुकटपल्लीच्या कंपनीत साहेब कोण, तर श्रीनिवासुलू. त्यांनी काम दिलं, अमेरिकेला जाणाऱ्यांच्या नावांचा सेट बनव, सगळ्यांना दिसला पाहिजे, पण कुणी खोडाखोड करता कामा नये. सेट म्हणजे नावांचा संच हो, एक नाव एकदाच! मिलिंदनं काय केलं, मूळ संच ठेवला साहेबांच्या हातात, आणि बाकीच्यांना त्याचं नुसतं दर्शन. नाव घालायला जा, मशीन ओरडतं. काढायला जा, तरी ओरडतं. बघायचं, पण हात लावायचा नाही!

आणि संचात नावं बारा, त्यांत एक कुणाचं? मिलिंदचं! मग काय विचारता! "आई, नाव पक्कं! आता कुणाचा बाप आला तरी निघत नाही, कुलूप मी स्वतः लावलंय!" मालनबाईंनी हिमायतनगरला जाऊन जाडजूड स्वेटर आणला... एप्रिलात! शेजारच्या सुशीलाबाई रोज विचारायच्या, "कधी निघतोय रे?" आणि हा रोज ऑफिसात दहादा स्वतःचं नाव बघून यायचा. बघायचं, पण हात लावायचा नाही!

सोमवारी बघतो तर बाराची अकरा! ह्याचंच नाव गायब! कुलूप तर जसंच्या तसं, मग नाव गेलं कुठून? घाईघाईनं आपलं नाव परत घालायला गेला, तर मशीन खेकसलं, असं करता येणार नाही! त्याचंच मशीन, त्याच्यावरच खेकसतंय! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला... ह्या गड्याला वाटलेलं, आपल्याकडे संचाची झेरॉक्स आहे. झेरॉक्स कसली, खिडकी होती ती! बाहेरून हात घालता येत नाही, कबूल, पण आत साहेब बसलेत ना मोकळे! त्यांनी आतून काढलं की बाहेर दिसणारच!

धावत गेला. "सर, मेरा नाम?"

श्रीनिवासुलू चहा फुंकत म्हणतात, "हौ, मैंच निकाला. इत्ता मजबूत ताला बनाया तू, तू गया तो यहाँ कौन देखता? नक्को जा!"

आता अशा साहेबांना शिव्या द्याव्यात की आभार मानावेत? रडला बिचारा, खोटं कशाला सांगू, बाथरूमचा नळ सोडून रडला. घरी सांगितलं तर मालनबाई भडकल्याच, "काम चांगलं केलंस हाच गुन्हा का रे तुझा? आणि मी सुशीलाबाईला काय सांगू?"

स्वेटर मात्र वाया गेला नाही. कंपनीनं मशीनच्या खोलीला काचा लावल्या, एसी बसवला आणि आत बसवलं मिलिंदला. इतका गारठा, की अमेरिकेचा स्वेटर घालूनच बसतो. काचेपलीकडून विमानतळाला निघालेले अकरा जण हात हलवून गेले, ह्यानंही हलवला. आणि दारावर पाटी आहे, साहेबांनी ह्याच्याकडूनच लिहून घेतलेली... "बघावे, हात लावू नये."